बारगीर गल्लीतील साडेचार व्होल्टच्या तारेबाबत

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
मंद विद्युतदाब, अंतर्गत संभाषण व सुरक्षा यंत्रणा परवाना कक्ष,
म्हैसूर.

अर्जदार: दत्तोजीराव फत्तेसिंगराव मोरे, वय ७३, निवृत्त प्राथमिक शिक्षक, घर क्र. १४, जुनी बारगीर गल्ली, म्हैसूर.

विषय: गल्लीच्या दोन बाजूंच्या दोन घरांमधील, टॉर्चच्या तीन सेलवर चालणारी बोलण्याची तार पुन्हा सुरू करू देण्याबाबत. (अर्ज चौथा)

संदर्भ: १) आपल्या कक्षाची नोटीस, दि. ३ ऑगस्ट १९९८.
२) माझे अर्ज, दि. १० ऑगस्ट व ३१ ऑगस्ट (कन्नड) आणि ८ ऑक्टोबर (इंग्रजी).
३) आपल्या कक्षाची उत्तरे, दि. २१ ऑगस्ट, ८ सप्टेंबर व १५ ऑक्टोबर.
४) माझे पत्र, दि. ३० ऑक्टोबर. उत्तर नाही.

महोदय,

कृपया क्षणभर अशी कल्पना करावी की आपण नऊ वर्षांचे आहात. आपले नाव वनजा आहे. आपण चौथीत आहात, आणि अपूर्णांकांची बेरीज आपल्याला नुकती कुठे कळू लागली आहे. वडील कृष्णराजनगरच्या भाताच्या गिरणीवर लॉरी चालवतात आणि रविवारी घरी येतात. आई दुपारी तीनला अगरबत्तीच्या कारखान्यात जाते ती रात्री आठला परत येते. मधल्या वेळेत घरात दोघीच: आपण आणि एक्क्याऐंशी वर्षांची आजी, जिला काठीशिवाय खाटेवरून उठता येत नाही. समोरच्या घराच्या ओट्यावर रोज चार ते साडेसहा एक म्हातारा मास्तर, ज्याला सगळे मेष्ट्रे म्हणतात, गल्लीतल्या चौदा मुलांना शिकवतो. आपल्याला तिथे बसायचे आहे, पण आजीला एकटे सोडायचे नाही. काय कराल?

हा प्रश्न मी आपल्याला मुद्दाम विचारतो आहे. आपल्या खिडकीवरील कमलाक्षीबाईंनी मला सांगितले, "मेष्ट्रे, नवे साहेब आलेत. निपाणीकडचे आहेत, वयाने लहान आहेत, मराठी शाळेत शिकलेत. सगळं स्वतः वाचतात." म्हणून हा अर्ज मी मराठीत लिहीत आहे. घटनेच्या कलम ३५० प्रमाणे तशी मुभाही आहे. आधीचे तीन अर्ज कोणी शेवटपर्यंत वाचले असे त्यांच्या उत्तरांवरून दिसत नाही. भाषा बदलल्याने काही फरक पडेल अशी मला आशा नाही. वाचणारा बदलला आहे, त्याने पडेल अशी थोडी आहे.

१. वनजाने काय केले ते सांगतो. गेल्या जानेवारीत मी मुलांना आवाज तारेतून कसा जातो ते शिकवत होतो. भंगार बाजारातून मी दोन जुने टेलिफोन आणले होते. आतल्या बाजूला काय असते ते दाखवावे, एवढाच हेतू. धडा संपल्यावर वनजा उठली नाही. तिने विचारले, "मेष्ट्रे, तार किती लांब चालेल?" मी म्हटले, मोजून बघू. तिने दोरीने गल्ली मोजली. बावीस फूट भरली. पुढच्या आठ दिवसांत तिने माझ्या ओट्यापासून तिच्या आजीच्या खाटेपर्यंत तार नेली, दोन्ही टोकांना एकेक रिसीव्हर, एकेक बटण आणि एकेक बझर लावला, आणि टॉर्चचे तीन सेल बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवून तो डबा माझ्या ओट्यावरील कोनाड्यात ठेवला. मी फक्त शिडी धरली. तीन सेलचा दाब साडेचार व्होल्ट होतो. एवढ्या विजेने मुंगीसुद्धा दचकत नाही. हे मी पहिल्या अर्जात आकृतीसह लिहिले होते.

आजीने बटण दाबले की ओट्यावर बझर वाजे. वनजा उठून रिसीव्हर कानाला लावी, "काय अज्जी?" म्हणे, ऐके, आणि पाणी द्यायचे असेल तर पळत जाऊन देऊन येई. नसेल तर परत येऊन बसे. सात महिने असे चालले. सात महिन्यांत ती एक दिवसही वर्ग चुकली नाही.

२. दि. ३ ऑगस्ट रोजी आपल्या कक्षाचे निरीक्षक श्री. तिरुमलराव दुसऱ्याच कामासाठी गल्लीतून जात असता त्यांना डोक्यावर तार दिसली. ते सभ्य गृहस्थ आहेत, आणि आमच्याशी मराठीतच बोलतात. त्यांनी ओट्यावर बसून ताक घेतले, डबा उघडून पाहिला, सेलची तार काढून ठेवली, आणि डब्याच्या झाकणाला भोके पाडून शिशाचे सील लावले. मी विचारले, हे कशासाठी? ते म्हणाले, "काय करायचं मेष्ट्रे, तार सार्वजनिक रस्ता ओलांडते. बोलणं जातं म्हणजे संभाषण यंत्रणा. बटणाने दुसऱ्या घरात घंटा वाजते म्हणजे सुरक्षा यंत्रणा. दोन्हीला परवाना लागतो. रूल तसं आहे कण्री, बघा." मी म्हटले, हे टॉर्चचे सेल आहेत. ते म्हणाले, "रूलमध्ये जास्तीत जास्त किती ते आहे. कमीत कमी किती ते नाही."

मी अडतीस वर्षे शिक्षक होतो. चुकीच्या उत्तराचा मला राग येत नाही. चुकल्याशिवाय कोणी शिकत नाही. शिसारी येते ती न वाचता तपासलेल्या वहीची. आपल्या कक्षाच्या तिन्ही उत्तरांत मला तेच दिसले, म्हणून ती एकेक करून आपल्यासमोर ठेवतो.

३. पहिले उत्तर, दि. २१ ऑगस्ट. माझ्या अर्जासोबतच्या नमुन्यात 'संरक्षित वस्तूंची यादी' असा रकाना होता. मी त्यात "भागीरथीबाई, वय एक्क्याऐंशी" असे लिहिले होते, कारण त्या तारेच्या टोकाला दुसरे काही नाही. उत्तर आले की वस्तूचे मूल्य नमूद केलेले नाही, सबब नमुना अपूर्ण आहे. तसेच 'यंत्रणा बसविणाऱ्याचे नाव व परवाना क्रमांक' यापुढे फक्त नाव आहे, क्रमांक नाही.

नाव वनजाचे होते. ते तिने स्वतः, नीट अक्षरात लिहिले होते. काम तिचे आहे तर नावही तिचे असावे, हे मीच तिला शिकवले आहे.

४. दुसरे उत्तर, दि. ८ सप्टेंबर. यंत्रणा बसविणारी व्यक्ती अठरा वर्षांखालील आहे व तिने परवानाधारक ठेकेदाराच्या हाताखाली दोन वर्षे काम केलेले नाही, सबब यंत्रणा परवानाधारकाकडून प्रमाणित करून घ्यावी.

मी शहरातल्या तीन परवानाधारकांकडे गेलो. पहिले दोघे हसले. तिसऱ्यांनी मला बसवून घेतले आणि नियम समजावून सांगितला. दुसऱ्याने बसवलेली यंत्रणा त्यांना प्रमाणित करता येत नाही. ती काढून त्यांनी स्वतः पुन्हा बसवावी लागेल. काढण्यासाठी काढण्याची परवानगी लागते. काढण्याच्या परवानगीसाठी बसवण्याच्या परवान्याची प्रत लागते. "ती तुमच्याकडे नाही ना, मेष्ट्रे?" त्यांनी विचारले. मी म्हटले, ती असती तर मी आलो नसतो. ते म्हणाले, "मग सुम्ने, उगाच कशाला फिरता? चालवता येत नाही, काढताही येत नाही. आहे तशी राहू द्या." अशा रीतीने, महोदय, आपल्या नियमांप्रमाणे ती तार वापरणे गुन्हा आहे, काढणे गुन्हा आहे, आणि जागच्या जागी लटकत राहणे तेवढे कायदेशीर आहे.

५. मी म्हटले, विजेचे नाव नको. मी एक सुतळी आणली, शाळेतली जुनी पितळी घंटा आणली, आणि मुलांच्या मदतीने खाटेपासून ओट्यापर्यंत दोरी बांधली. ती चार दिवस चालली. पाचव्या दिवशी श्री. तिरुमलराव यांनी ती पाहिली. त्यांना स्वतःलाच वाईट वाटत होते, हे मी नमूद करतो. ते म्हणाले, "दोरी म्हणजे वीज नाही, मान्य. पण इशारा तर जातो की नाही? पर्यायी इशारा यंत्रणेचा नमुना वेगळा आहे. तो छापून यायचा आहे. स्वल्प दिवस थांबा." दोरी त्यांनी गुंडाळून नेली. पावती दिली: "सुतळी, एक गुंडी." घंटा मात्र ठेवली, कारण दोरीशिवाय ती यंत्रणा होत नाही.

६. आता ज्या गोष्टीमुळे हे सारे प्रकरण उभे राहिले ती सांगतो, कारण ती आपल्या कोणत्याही नमुन्यात बसत नाही.

आमच्या गल्लीतील लोक जुन्या म्हैसूरच्या घोडदळातल्या शिपायांचे वंशज आहेत. आमच्या घरांत गोषा होता. बाईने परक्या पुरुषासमोर यायचे नाही, परका पुरुष उंबऱ्याच्या आत यायचा नाही, आणि बाईचा आवाज उंबऱ्याबाहेर गल्लीत जाऊ द्यायचा नाही. आता हे राहिलेले नाही. आमच्या सुना बँकेत काम करतात, नाती सायकलवरून कॉलेजला जातात. वनजाची आई कारखान्यात जाते, आणि तिला कोणी काही म्हणत नाही. पण भागीरथीबाई अकराव्या वर्षी या घरात लग्न होऊन आल्या तेव्हा जे शिकल्या ते त्यांनी सत्तर वर्षे सोडलेले नाही. मी त्यांच्या समोरच्या घरात जन्मलो. मी त्यांचा आवाज एकदाही ऐकलेला नाही. मला ही रीत पटत नाही, आणि मी ते त्यांना वनजाच्या तोंडून कळवलेलेही आहे. त्यांनी उलट निरोप पाठवला, "मेष्ट्रेंना सांग, तुमचं शिकवणं तुमच्यापाशी, माझं माझ्यापाशी."

तेव्हा, महोदय, ही तार कोणाच्या हौसेची नव्हती. भागीरथीबाई हाक मारत नाहीत. तहान लागली तरी मारत नाहीत, काही दुखले तरी मारत नाहीत. तारेतून मात्र त्या बोलत, कारण तारेतला आवाज गल्लीत जात नाही, नातीच्या कानात जातो. नऊ वर्षांच्या मुलीला हे कोणी सांगावे लागले नाही. तिने मोजली ती नुसती गल्ली नव्हती.

७. दि. १४ सप्टेंबर रोजी खाटेकडील टोकाची तपासणी ठेवली होती. श्री. तिरुमलराव दाराशी आले. भागीरथीबाईंनी वनजाकडून निरोप दिला की आत यायचे नाही. श्री. तिरुमलराव आत गेले नाहीत. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. त्यांनी लिहिले: "प्रवेश नाकारला." मी विनंती केली की स्त्री निरीक्षक पाठवावी. कळवण्यात आले की मंजूर आकृतिबंधात असे पद नाही. कमलाक्षीबाई स्वतः म्हणाल्या, "मी जेवणाच्या सुट्टीत येऊन बघून जाते. बटण आहे की नाही एवढंच बघायचं ना?" त्यांना सांगण्यात आले की लिपिकास दाब मोजण्याचा अधिकार नाही.

त्यानंतर दसरा आला. दसऱ्यात आपला कक्ष दिव्यांच्या रोषणाईच्या परवान्यांत गुंतलेला असतो हे मला ठाऊक आहे. साऱ्या शहरावर लाखो दिवे लागले. साडेचार व्होल्ट राहून गेले.

८. तिसरे उत्तर, दि. १५ ऑक्टोबर. ते शब्दशः भाषांतर करून देतो, कारण ते मला रोज आठवते: "गल्लीची रुंदी बावीस फूट असल्याचे अर्जदाराने स्वतः कबूल केले आहे. इतक्या अंतरासाठी मानवी आवाज पुरेसा आहे. सदर बाईंना गरज भासल्यास त्या मोठ्याने हाक मारू शकतात. सबब यंत्रणेची आवश्यकता सिद्ध होत नाही."

ज्याने हे लिहिले त्याने माझे तीन पानी इंग्रजी पत्र समोर ठेवून लिहिले. त्या पत्राचे दुसरे पान संपूर्ण याच विषयावर होते. महोदय, घाण साफ करण्याची मला सवय आहे. लहान मुलांचा शिक्षक शाई पुसतो, नाक पुसतो, ओकारीही पुसतो आणि पुढे शिकवतो. पण ते उत्तर हातात घेतल्यावर मी आत जाऊन हात धुतले.

९. आता दि. २७ ऑक्टोबर, मंगळवार. इथे मी माझी चूक लिहीत आहे.

सील लागल्यापासून, दोरीचे चार दिवस सोडले तर, वनजा वर्गात आलेली नव्हती. ती उंबऱ्यावर पाटी घेऊन बसे आणि समोरून फळा वाचण्याचा प्रयत्न करी. बावीस फुटांवरून माझे अक्षर दिसत नाही. मी मोठे लिहून पाहिले, तर फळ्यावर एका वेळी दोनच आकडे मावत. त्या मंगळवारी मी अपूर्णांकांचा शेवटचा धडा घेणार होतो. मी तिच्या आईला सकाळी गाठून म्हटले, आज दोन तास पाठवा, एवढ्याने काही होत नाही. आई म्हणाली, "तुम्ही म्हणता म्हणून, मेष्ट्रे." वनजा आली. तिला इतक्या आठवड्यांनी ओट्यावर बसलेली पाहून मला इतका आनंद झाला की धडा पाऊण तास लांबला.

भागीरथीबाई साधारण चारच्या सुमारास खाटेवरून उतरताना पडल्या. मनगट मोडले, कपाळ फुटले. त्यांनी खाटेच्या पायाला बांधलेले बटण दाबले. जुनी सवय. किती वेळा दाबले ते त्यांनाच माहीत. डब्यावर आपले सील होते. दार सताड उघडे होते. दारासमोरून फुलवाला गेला, दूधवाला गेला, शाळा सुटलेली मुले गेली. बावीस फुटांवर मी पावणेतीन तास मोठ्या आवाजात शिकवत होतो. त्यांनी तो सगळा धडा जमिनीवर पडून ऐकला असणार. पावणेसातला वनजा घरी गेली तेव्हा त्या शुद्धीवर होत्या.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारले, हाक का नाही मारली? त्यांनी वनजाच्या कानात सांगितले, आणि वनजाने आम्हाला सांगितले: "अज्जी म्हणते, दार उघडं होतं."

ती दोन तास येऊ दे असे मी म्हटले नसते तर ती त्यांच्याजवळ असती. हे मी विसरणार नाही, आणि याबद्दल मी आपल्याकडे दाद मागत नाही.

१०. वनजाची आई दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली. ती रागावली नव्हती, ते जास्त वाईट होते. ती म्हणाली, "मेष्ट्रे, पोरीचं गणित राहू दे. म्हातारी पुन्हा पडली तर मी कुणाला काय सांगू? कारखाना सोडला तर घर चालत नाही. हे वर्ष संपलं की हिचं नाव शाळेतून काढते. घरी राहील, अज्जीकडे बघेल." मी तिच्याशी वाद घातला नाही. तिच्या जागी मीही हेच म्हटले असते.

तेव्हा या तारेवर काय लटकले आहे ते आपल्याला स्पष्ट सांगतो. ती चालू झाली तर एक मुलगी शिकेल. नाही झाली तर मार्चअखेर तिची शाळा संपेल. मी शेकडो मुले शिकवली. न शिकवता काही समजून घेणारी फार थोडी असतात. वनजा त्यांतली आहे. तिला घरी का बसवले असे पुढे मला कोणी विचारले, तर मला सांगावे लागेल की कागदावर एक आकडा नव्हता.

११. सबब माझी विनंती अशी:

(अ) टॉर्चच्या तीन सेलवर चालणाऱ्या या तारेस परवान्याची गरज नाही असे आपल्या सहीने कळवावे. किंवा गरज असेल तर तो परवाना माझ्या नावे द्यावा आणि बसविणाऱ्याच्या रकान्यात वनजाचे नाव राहू द्यावे.

(आ) तार काढण्याचा हुकूमच द्यायचा असेल तर तो निदान कोणीतरी पाळू शकेल असा द्यावा.

(इ) सुतळीची गुंडी परत मिळावी. ती मुलांच्या हस्तकलेची होती.

(ई) दि. १५ ऑक्टोबरचे उत्तर ज्याने लिहिले त्यास कोणतीही शिक्षा करू नये. फक्त माझे दुसरे पान त्याच्याकडून एकदा मोठ्याने वाचून घ्यावे.

१२. विनंती आधी लिहिली, कारण खालील मजकूर वाचल्यावर आपल्याला माझ्याविरुद्ध कारवाई करावी लागेल. ती करावी. वनजाविरुद्ध करू नये.

परवा, म्हणजे दि. ९ नोव्हेंबर, सोमवारी सायंकाळी पाच वाजता श्री. तिरुमलराव आवश्यकतेची प्रत्यक्ष पडताळणी करण्यासाठी गल्लीत आले. माझ्या ३० ऑक्टोबरच्या पत्राचा एवढा परिणाम झाला असावा. त्यांच्या हातात नमुना होता. ते भागीरथीबाईंच्या दारासमोर गल्लीत उभे राहिले आणि त्यांनी मोठ्याने विचारले, "अज्जी, पडलात तेव्हा तुम्ही ओरडलात का नाही?"

आतून काही आवाज आला नाही. त्यांनी पुन्हा विचारले. आजूबाजूच्या ओट्यांवर माणसे आली. वनजा उंबऱ्यावर उभी होती. ती म्हणाली, "काका, अज्जी म्हणते दार उघडं होतं."

ते म्हणाले, "तू सांगून नाही चालत ग मरी, बाळा. नमुन्यात लिहिलंय, रहिवाशाने स्वतः सांगितलं पाहिजे. निरीक्षकाने स्वतः ऐकलं पाहिजे." आणि त्यांनी तिसऱ्यांदा विचारले. मग ते माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "मेष्ट्रे, मला 'उत्तर देत नाहीत' असं लिहावं लागेल. ते लिहिलं की फाईल बंद होते. तुम्हीच सांगा, मी काय करू?"

चौदा मुले ओट्यावर बसून माझ्याकडे पाहत होती. ज्याला रोज सगळे येते असा माणूस गप्प बसलेला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

वनजा गल्ली ओलांडून आली. तिने माझी परवानगी मागितली नाही. मी ओट्यावरच होतो आणि मी तिला अडवले नाही, म्हणून जबाबदारी माझी आहे. तिने कोनाड्यातला डबा मांडीवर घेतला, माझ्या हत्यारांतली पक्कड घेतली, आणि सील तोडले. श्री. तिरुमलराव "ए, ए, बेड, नको" असे म्हणाले, पण ते जागचे हलले नाहीत. तिने सेल बाहेर काढले. एकाला गंज धरला होता. तो तिने फ्रॉकला घासून साफ केला, परत बसवला आणि तार पुन्हा जोडली. मग बटण दोनदा दाबले. समोरच्या घरात बझर वाजला. तीन महिन्यांनी वाजला.

पलीकडून रिसीव्हर उचलायला थोडा वेळ लागला. भागीरथीबाईंचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे.

वनजाने रिसीव्हर कानाला लावला. ती म्हणाली, "अज्जी, मी. आफीसातले काका आलेत. त्यांना तुझ्याच तोंडून ऐकायचंय म्हणे. गल्लीत नाही जायचा आवाज. त्यांच्या कानातच जाईल, मी बघते." नंतर ती बराच वेळ नुसती ऐकत राहिली. एकदा तिने मान हलवली, जणू पलीकडून दिसत असावी. मग ती उठली. श्री. तिरुमलराव ओट्याच्या पायरीशी येऊन उभे राहिले होते. तिने तारेचा गुंता सोडवून घेतला, आणि रिसीव्हर त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो कानाला लावून काय ऐकले ते त्यांच्या नमुन्यात असेल; मला ते ऐकू आले नाही.

उत्तर येईपर्यंत आपला नम्र,

(सही)
दत्तोजीराव फत्तेसिंगराव मोरे
म्हैसूर, दि. ११ नोव्हेंबर १९९८

सोबत:
१) आपल्या कक्षाची नोटीस व तीन उत्तरे, प्रती.
२) तारेची आकृती, कु. वनजा हिने काढलेली.
३) दवाखान्याचा दाखला.
४) "सुतळी, एक गुंडी" ही पावती, मूळ.
५) शिशाचे सील, एक, तुटलेले. सरकारी मालमत्ता असल्याने परत करीत आहे.